पेरता येणारे सॉफ्टवेअर

रायपूर हा धानाचा मुलूख. तांदूळ शिजवून खाता येतो, पण पेरायला धानच लागते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संगणकाचेही तसेच आहे. विकतचे सॉफ्टवेअर म्हणजे गिरणीतून आलेला तांदूळ. त्याचे धान, म्हणजे माणसाने लिहिलेला सोर्स कोड, बहुधा कंपनीच्या कोठारात कुलूपबंद असते.

‘ब्लेंडर’ची गोष्ट निराळी. त्रिमिती चित्रे आणि ॲनिमेशन करणारे हे सॉफ्टवेअर नेदरलँड्सच्या टोन रोझेंडाल यांचे. २००२ साली त्यांची कंपनी बंद पडली. सोर्स कोड सोडवून घेण्यासाठी त्यांनी ब्लेंडर वापरणाऱ्यांपुढेच झोळी पसरली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी तो सर्वांना खुला झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी रायपुरातही बियाण्यांवरून वाद पेटला होता. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडील धानाच्या वीस हजारांहून अधिक वाणांचा संग्रह एका परदेशी कंपनीला खुला होणार, असे कळताच विरोध झाला आणि करार बारगळला.

आज ब्लेंडर तयार स्वरूपात फुकट मिळते. नवशिक्याने तेच घ्यावे. ज्याला त्यात बदल करायचे आहेत, त्याने मात्र सोर्स कोड घेऊन तो घरच्या संगणकावर कंपाइल करावा, म्हणजेच धान भरडून तांदूळ काढावा. लिनक्सवर ‘मेक अपडेट’ ही आज्ञा लागणारे सामान गोळा करते आणि ‘मेक’ ही आज्ञा भरडते. जुन्या संगणकाला यात बराच वेळ लागतो. काम मध्येच अडले, तर घाबरू नये. चुकांच्या यादीतली पहिली चूक आधी वाचावी. पुढच्या चुका बहुधा तिच्यातूनच निघालेल्या असतात.

खरी कसोटी पुढे, चित्रे रेंडर करताना. दहा सेकंदांच्या फितीला सेकंदाला २४ प्रमाणे २४० चित्रे लागतात. एका चित्राला दोन मिनिटे धरली, तरी आठ तास झाले! तेवढा वेळ प्रोसेसर पूर्ण ताकदीने राबतो आणि तापतो. रायपूरच्या मे महिन्यातल्या उन्हाळ्यात हे काम रात्रीच लावावे आणि पंख्यावरची धूळ आधी झाडावी. प्रत्येक चित्र वेगळ्या फाइलमध्ये साठवावे, म्हणजे वीज गेली तरी झालेले काम वाया जात नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? २०२५ साली ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट याच ब्लेंडरमध्ये तयार झाला. घरातल्या मुलाने महागड्या सॉफ्टवेअरसाठी हट्ट धरला किंवा त्याची चोरटी प्रत आणली, तर आईवडिलांनी त्याला रागावण्याआधी ही गोष्ट जरूर सांगावी.