कडेवर न बसणारं मूल

कसाऱ्याकडून येणारी सकाळची लोकल आंबिवलीला थांबते ती जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्या वेळात एक बाई फाइलींची पिशवी, पाण्याची बाटली आणि 9 वर्षांचा मुलगा घेऊन डब्यात चढते. वर्षभर मी तिला पाहतो आहे. कडेवर बसायला मुलाचे पाय फाकावे लागतात. ह्याचे पाय मांड्यांपासून आवळलेले, कात्रीसारखे एकावर एक चढलेले. म्हणून ती त्याला आडवा, छातीशी धरून उभी राहते. हल्ली तिचा उजवा खांदा खाली आला आहे.

तिला जागा कधी मिळते, कधी मिळत नाही. प्रश्न मात्र दर वेळी मिळतो. ‘काय झालंय ह्याला? पोटात असताना ग्रहण पाळलं नव्हतंस का?’ विचारणारी बाई वाईट नसते, बहुतेक वेळा पदराखालून एखादा बिस्किटचा पुडाही काढून देते. पण त्या एका प्रश्नात आपल्या सगळ्या समाजाचा निवाडा आहे. मूल असं जन्मलं तर चूक आईची, तिच्या पूर्वजन्माची, तिच्या नशिबाची. आणि एकदा नशीब म्हटलं की मग डॉक्टर कुठे आहे, व्यायाम कोण शिकवणार, ह्याची चौकशी कुणी करायचं कारण उरत नाही.

खरी हकीकत साधी आहे. जन्मल्यावर तो रडला नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला, पेटीत ठेवावं लागलं. निदान झालं सेरेब्रल पाल्सी. मेंदूला झालेली ही इजा पुढे वाढत नाही. वाढतं ते मूल, वाढतात ती हाडं, आणि ताणलेले स्नायू मात्र त्यांच्याबरोबर वाढत नाहीत. पहिल्या वर्षापासून रोज व्यायाम मिळाला, वेळेवर स्प्लिंट मिळाले, नीट बसवायची खुर्ची मिळाली, तर सांधे आखडणं पुष्कळ लांबवता येतं. हे ज्याला मिळत नाही त्याचं खुब्याचं हाड हळूहळू जागा सोडतं, आणि मग लंगोट बदलतानाही ते मूल किंचाळतं. म्हणून मी स्पष्ट लिहितो: ह्या मुलाच्या आजच्या हालांत जन्माचा वाटा थोडा आहे, पुढच्या 9 वर्षांचा मोठा आहे. त्या 9 वर्षांचा जाब ग्रहणाला विचारता येणार नाही. तो आपल्यालाच द्यावा लागेल.

त्याला तीनदा न्यूमोनिया झाला. आई त्याला मांडीवर उताणा निजवून पेज भरवायची, तान्ह्याला भरवतात तशी. अशा मुलाला गिळताना ठसका लागतो आणि अन्न श्वासनलिकेत उतरतं. पाठ सरळ ठेवून बसवायचं, मान जराशी पुढे करायची, घट्टसर घास द्यायचा, एवढंच सांगायला हवं होतं. तो 4 वर्षांचा होईपर्यंत तिला हे कुणीही सांगितलं नाही. प्रत्येक ठिकाणी केसपेपर झाला, औषध लिहिलं गेलं, ‘हे असंच राहणार’ हेही ऐकवलं गेलं. मुलाला पेज कशी भरवतेस, हे कुणी विचारलं नाही. उपचाराचा दर्जा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोठी यंत्रं आणि संगमरवरी फरशी येते. मला तो दर्जा ह्या न विचारलेल्या प्रश्नात दिसतो.

तिला जायचं असतं परळच्या वाडिया रुग्णालयात. 1929 पासून ते मुलांची सेवा करत आहे, आणि तिथल्या लोकांबद्दल ती कृतज्ञतेनं बोलते. पण आंबिवलीपासून परळ 50 किलोमीटरच्या आसपास, दादरला गाडी बदलायची, आणि तेवढ्यासाठी घरातला एक रोज बुडवायचा. तिच्या सासऱ्यांची नोकरी मोहोन्याच्या एनआरसी कारखान्यात होती. 2009 मध्ये तो बंद पडला. तेव्हापासून घरात पगार असा येत नाही, जे काम मिळेल त्यावर भागतं. व्यायाम रोजचा लागतो आणि परळ जमतं महिन्यातून एकदा. हे गणित कुठलीही आई सोडवू शकणार नाही.

कायदा नाही असं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 25 सांगतं की अशा व्यक्तींना घराजवळ उपचार मिळावेत, रुग्णालयात विनाअडथळा जाता यावं, रांगेत आणि उपचारांत प्राधान्य मिळावं. अंगणवाडी-शाळांतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाला तो पालघरहून, आणि पालघर त्या वेळी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणजे देशभरच्या मुलांसाठी निघालेल्या ह्या कामाची पहिली पायरी आपल्या अंगणात घातली गेली. ती अंगणातून आपल्या घरांत आली का, हे आपण कधी उठून पाहिलं नाही. रस्त्यासाठी आपण मोर्चा काढला, पाण्यासाठी हंडे वाजवले, लोकल वाढवा म्हणून रुळांवर उतरलो. चटई टाकलेली एक खोली आणि फिजिओथेरपी जाणणारा एक माणूस ह्यांसाठी ह्या पट्ट्यात मी एकही मोर्चा पाहिला नाही.

आंबिवलीच्या पुढचं स्थानक टिटवाळा. अंगारकीला महागणपतीच्या दर्शनासाठी गाड्या भरून येतात. वाटेवर पाणी, सरबत, खिचडी वाटणारे तरुण पहाटेपासून राबतात. त्या श्रद्धेला माझा विरोध नाही. हीच बाईसुद्धा तिथं नवस बोलून आली आहे. माझं दुःख एवढंच की परक्या भाविकाची तहान आपल्याला कळते आणि शेजारच्या खोलीत आखडत चाललेलं मूल कळत नाही. 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, आपण त्याला स्टेजवर आणतो, गुलाब देतो, फोटो काढतो. 4 डिसेंबरला त्याची आई पुन्हा एकटी फलाटावर उभी असते.

1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. ते मूल त्यांच्या नात्यागोत्यातलं नव्हतं. त्यांची जयंती आपण ह्या शहरात दरवर्षी साजरी करतो. परक्याचं मूल पाठीवर घ्यायचं एवढी गोष्ट मात्र त्यांच्यापाशीच राहिली.

मला मोठं रुग्णालय नको आहे. मोहोने-आंबिवलीत पालिकेच्या एखाद्या जागेत एक खोली हवी, जमिनीलगत, पायऱ्या नसलेली. आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्ट, एक दिवस गिळण्या-बोलण्याचे धडे देणारी व्यक्ती, महिन्यातून एकदा मेंदू आणि हाडांचे डॉक्टर. आशाताईंच्या वहीत अशा प्रत्येक मुलाची नोंद, आणि न आलेल्या मुलाच्या घरी फेरी. दिव्यांगांसाठी पालिकेनं वेगळा पैसा राखून ठेवायचा असतोच. ह्या वर्षी तो किती होता आणि कुठे गेला, हे प्रभागातल्या दहा माणसांनी एकत्र जाऊन लेखी विचारावं. त्या अर्जावर सही करायला मी तयार आहे.

मुलाचं वजन आता 19 किलो आहे. फाइलवर लिहिलेलं मी काल वाचलं. जूनमध्ये तो 10 वर्षांचा होईल.