रोजा आणि छातीतली कळ

रमजान सुरू झाला की मोहल्ल्यात एक प्रश्न हमखास कानावर पडतो, 'रोजे चालू आहेत ना?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, त्याला तो प्रश्न जड जातो. 'नाही' म्हणायची लाज वाटते. मग तो गोळ्या बाजूला ठेवून रोजा धरतो आणि दुपारी छातीत कळ आली तरी घरात बोलत नाही.

हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी मुळातच जेमतेम २ ते ४ मिलिमीटर रुंद असते. आतून चरबीचा थर साचून ती आकसत जाते. बसल्या जागी रक्त पुरते, जिना चढताना पुरत नाही. १९७७ साली झुरिचमध्ये डॉ. ग्रुंट्झिग यांनी अशी वाहिनी पहिल्यांदा फुग्याने रुंद केली. आता तिथे स्टेंट बसवतात. पण स्टेंट बसला म्हणजे आजार संपला, असे नाही. त्यात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या अनेक महिने, बहुतेकदा वर्षभर, न चुकता घ्याव्या लागतात. त्या मनाने बंद केल्या तर जीवावर बेतू शकते.

कुरआनने रोजा फर्ज केला, तिथेच आजारी माणसाला सवलतही दिली. बरा झाल्यावर त्याने राहिलेले रोजे पूर्ण करावेत. बरे होण्याची आशा नसेल तर फिदया म्हणून प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवू घालावे. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९७ मध्ये तर हेही स्पष्ट केले, की छातीत दुखताना जिभेखाली ठेवायच्या गोळीने रोजा तुटत नाही. फक्त ती गिळू नये. ही माहिती किती घरांत पोहोचली आहे?

हृदयरोग्याने रोजा धरूच नये, असे माझे म्हणणे नाही. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टर गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला बसवून देतात. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. नुकताच झटका आलेला असेल, स्टेंट नवा असेल, तर सवलत घ्या. रोजात छातीत दडपण आले, घाम फुटला, तर मगरिबची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि इफ्तारच्या ताटातली तळलेली भजी, समोसे कमी करा. वाहिन्यांवर त्याचेही ओझे पडते.

एकादशी, नवरात्राचे उपवास करणाऱ्या शेजारच्या काका-काकूंनाही हेच लागू आहे. उपवास देवासाठी असतो, लोकांना दाखवायला नव्हे.

म्हणून यंदा कुणा आजारी माणसाला 'रोजे चालू आहेत ना?' असे विचारू नका. 'गोळ्या वेळेवर घेता ना?' एवढेच विचारा.