पडद्याशेजारी बसणार कोण?

शाळेला ‘स्मार्ट’ पडदा भेट द्यावयाचा, ही आमच्या मालवण किनाऱ्यावर आता देणगीची रूढ रीत होऊन बसली आहे. फीत कापली जाते, धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात, मुंबईकर देणगीदारांच्या नावाची पाटी भिंतीवर लागते. पडद्यावर ‘क’ उड्या मारतो आणि मुले टाळ्या पिटतात. त्याच वर्गातील तिसरीच्या मुलापुढे साधे पुस्तक ठेवावे, तर पहिले जोडाक्षर येताच तो शिक्षिकेच्या तोंडाकडे पाहू लागतो.

यंत्राशी आमचे वैर नाही. आशियातील पहिल्या छापखान्यांपैकी एक १५५६ साली गोव्यात उतरला. खरे तर तो निघाला होता अबिसिनियाला! परंतु फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापून निघाले ते १६१६ मध्ये, आणि देवनागरी खिळ्यांच्या अभावी तेही रोमन लिपीत. मधली साठ वर्षे यंत्र होतेच. उणीव होती ती लोकांत राहून त्यांची वाणी आत्मसात करणाऱ्या माणसाची. स्टीफन्स यांच्या पश्चात १६२२ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ख्रिस्ती शिकवण तर थेट कोकणीत होती.

आज पडद्यावरील बाई प्रमाण मराठीत बोलते, नाहीतर इंग्रजीत. घरी कोकणी आणि अंगणात मालवणी बोलणाऱ्या मुलाला ती ‘मासा’ दाखविते. तो ‘नुस्तें’ म्हणाला, तर तिला ते ऐकूच येत नाही. त्याच्या शब्दाचा हात धरून त्याला पुस्तकातील शब्दापर्यंत नेण्यास जिवंत शिक्षिकाच हवी.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो क्यूआर कोडमुळेच ना, असे आम्हांस ऐकविले जाते. पण कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी गुरुजी स्वतः कानडी शिकले, पाठ्यपुस्तके त्या भाषेत उतरविली, आणि कोड त्या पुस्तकांत बसविले. आम्ही मात्र कोड तेवढा उचलला. त्याच २०२० साली, टाळेबंदीत, याच जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीला नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास करावा लागला, हेही आम्ही सोयीस्करपणे विसरलो. संगणकसंपन्न स्वीडनने २०२३ मध्ये लहान मुलांच्या हाती पुन्हा छापील पुस्तके देण्याचे ठरविले, ही वार्ता तर आमच्या गावी पोहोचलीच नसावी.

एका पडद्याच्या पैशांत वर्गाला गोष्टींची किती पुस्तके येतील, हा हिशेब धर्मग्रामाच्या सभेत एकदा मांडला जावा. संध्याकाळी तेर्स आटोपल्यावर मुलाने पाव तास मोठ्याने वाचावे. ऐकणाऱ्या आजीला अक्षरओळख नसली तरी बिघडत नाही, अडखळला हे तिला कळते. पुढील फेस्ताच्या देणगीची बोलणी सुरू झालीच असतील. त्या सभेत आम्ही पडद्याची किंमत विचारणार नाही. त्याच्याशेजारी रोज कोण बसणार, त्याचे नाव विचारणार आहोत.