गोजिराची जीभ कोणी छाटली?

‘गोजिरा’ला २०२४ मध्ये सत्तर वर्षे झाली. रबरी सोंग, बुटके टोकियो, एइजी त्सुबुराया यांची कारागिरी, सगळ्यांचे कौतुक झाले. रास्तच आहे. पण आपण वाढदिवस नेमका कोणत्या चित्रपटाचा साजरा केला, हा माझा प्रश्न आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सर्गी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. बोटीचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबरला, इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ पडद्यावर आला. त्याची सुरुवातच समुद्रातल्या डोळे दिपवणाऱ्या उजेडाने आणि पेटलेल्या बोटीने होते. जपानी प्रेक्षकाला रूपक समजावून सांगायची गरज नव्हती.

१९५६ मध्ये अमेरिकी आवृत्ती निघाली. ९६ मिनिटांची सुमारे ८० झाली, आणि तेवढ्यातच रेमंड बर हा नट अमेरिकी वार्ताहर म्हणून घुसवला गेला. आगगाडीतली एक बाई म्हणते, नागासाकीतून जीव वाचवला आणि आता हे. तो संवाद गेला. शेवटी डॉ. यामाने बजावतात, चाचण्या थांबल्या नाहीत तर असा आणखी एक कुठेतरी उगवेल, तेही गेले. त्या जागी, संकट टळले, जग पुन्हा जगू लागेल, असा दिलासा आला.

कुणी म्हणेल, बॉम्बचा उल्लेख तर ठेवला होता. ठेवला होता. पण कारण ठेवून आरोप काढून टाकला. प्राणी जागा कसा झाला एवढे कळते. चाचण्या अजून चालूच आहेत, हे कुणी कुणाला सुनावत नाही.

दुसरा बचाव नेहमीचा: ही आवृत्ती नसती तर चित्रपट जगभर पोचलाच नसता. मग काय पोचले ते विचारू या. मूळ चित्रपट अमेरिकेतल्या सर्वसाधारण चित्रपटगृहांत यायला २००४ उजाडले. मधली जवळजवळ पन्नास वर्षे जपानी माणसाचे दुःख परका वार्ताहर सांगत होता, आणि ज्याचे दुःख तो पार्श्वभूमीला ओरडत पळत होता.

अनेक भाषांत वाचणाऱ्या आपल्याला हा प्रकार अनोळखी नाही. अनुवादात शब्द चुकला तर दुरुस्त करता येतो. पण वाचकाला बोचेल म्हणून वाक्यच गाळले, आणि वर समजावून सांगणारा मध्यस्थ बसवला, तर त्याला मी अनुवाद म्हणणार नाही. ती सेन्सॉरशिप आहे, आणि ‘पोहोच वाढली’ हे तिचे समर्थन होऊ शकत नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. वर्धापनदिन साजरा करायचा तर ९६ मिनिटांचाच चित्रपट दाखवा, आगगाडीतल्या त्या बाईसकट.