बुंध्यावरचे आळंबे: औषध की धोक्याची खूण?



माडाच्या किंवा पोफळीच्या बुंध्याशी कधीकधी तांबूस तपकिरी, वार्निश लावल्यासारखे चकचकीत आणि लाकडासारखे टणक आळंबे उगवते. शास्त्रज्ञ या प्रजातीला गॅनोडर्मा म्हणतात. हिच्यातल्याच एका आळंब्याला चीनमध्ये लिंगझी व जपानमध्ये रेशी म्हणतात आणि तेथे ते फार जुने औषध आहे. आता त्याच्या कॅप्सूल व कॉफीची पाकिटे ओळखीपाळखीतून आपल्याही घरी येऊ लागली आहेत. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, सगळ्यांवर हा एकच उपाय असे सांगितले जाते. हे आम्हाला पटत नाही.

झाडावरच्या आळंब्यात औषधी गुण नसतातच, असे आमचे म्हणणे नाही. आपल्याकडेही जुन्या फणसावरचा फणसोंबा उगाळून तोंड आलेल्या मुलांना लावतात. तो फेलिनस या दुसऱ्या प्रजातीतला. पण तोंडाला लेप लावणे वेगळे आणि त्याच्या भरवशावर कर्करोगाचा उपचार सोडणे वेगळे. कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये कर्करोगावरील ५ चाचण्या, म्हणजे ३७३ रुग्ण, पुन्हा तपासले. मुख्य उपचार म्हणून हे आळंबे वापरावे इतका पुरावा मिळाला नाही. फार तर चालू उपचाराला जोड म्हणून त्याचा विचार व्हावा, एवढेच निघाले. मधुमेहाच्या रुग्णांवरील ३९८ जणांच्या चाचण्यांतही २०१५ साली उपयोग दिसून आला नाही. म्हणून इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद करून कोणी कॅप्सूल घेऊ नये. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती तोंडात घालू नये. बुंध्यावरचे आळंबे तोडून घरी काढा करणे तर मुळीच नको.

बागेत मात्र हे आळंबे रोगाचीच खूण आहे. तमिळनाडूत तंजावर भागात १९५२ च्या वादळानंतर माडांना हा रोग दिसला म्हणून त्याला तंजावर मर म्हणतात. कर्नाटकात पोफळीवरील याच रोगाला अणबे रोग म्हणतात. आधी खालची झावळे सुकून लोंबतात, बुंध्यातून तांबूस द्रव झिरपतो. आळंबे दिसते तोवर मुळे बरीच कुजलेली असतात.

मेलेला माड बुंधा व मुळांसकट काढून जाळावा. रोगी माडाभोवती दोन फूट खोल व एक फूट रुंद चर खणून तो वेगळा करावा. त्याच्या आळ्यातले पाणी पाटाने दुसऱ्या माडाकडे जाऊ देऊ नये. शेजारच्या निरोगी माडांना दरवर्षी ५ किलो कडुलिंबाची पेंड ट्रायकोडर्मा मिसळून द्यावी. मध्ये केळी लावाव्यात.

कॅप्सूलच्या पाकिटाला जाणारा पैसा पेंडीला लावला तर माड वाचेल, आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेले तर माणूस. आमचा आग्रह एवढाच आहे.