‘एकट्याने केले’ ही बखर, आणि ‘प्रीटी हेट मशीन’चा इतिहास

१/१०
२० ऑक्टोबर १९८९. टीव्हीटी रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीने ‘नाइन इंच नेल्स’चा ‘प्रीटी हेट मशीन’ हा पहिला अल्बम प्रसिद्ध केला. इंडस्ट्रियल रॉकच्या चाहत्यांत तेव्हापासून एक बखर चालत आली आहे : क्लीव्हलँडमधल्या एका तरुणाने रात्री स्टुडिओची फरशी पुसता पुसता, कुणाच्याही मदतीवाचून, हा अल्बम एकट्याने घडवला. बखर गोड आहे. पण ती खरी नाही. #थ्रेड

२/१०
प्रत्येक बखरीत सत्याचा अंश असतो, तसा तो इथेही आहे. १९६५ साली जन्मलेला ट्रेंट रेझ्नर क्लीव्हलँडच्या राइट ट्रॅक स्टुडिओत साफसफाई आणि ध्वनिमुद्रणात मदतनिसी करत असे. मनासारखे वादक मिळेनात, म्हणून १९८८ साली बहुतेक वाद्ये त्याने स्वतःच हाताळून गाण्यांचे कच्चे मुद्रण केले. ते ‘प्युरेस्ट फीलिंग’ या नावाने ओळखले जाते.

३/१०
पण हे मुद्रण झाले कुठे? स्टुडिओचा तास विकत घ्यावा लागतो, आणि साफसफाई करणाऱ्या मुलाला तो परवडत नाही. मालक बार्ट कॉस्टर याने गिऱ्हाईक नसलेल्या वेळात यंत्रे त्याच्या हाती दिली. बखरीत फरशी आहे, फडके आहे, रात्र आहे. किल्ली देणारा हात मात्र नाही.

४/१०
या बखरीचे मूळ अल्बमच्या वेष्टनावरच आहे. ‘नाइन इंच नेल्स’ म्हणजे ट्रेंट रेझ्नर, अशा अर्थाची ओळ तिथे छापलेली आहे. चाहते तेवढीच वाचून थांबतात. वास्तविक त्याच कागदावर चार निर्मात्यांची नावे आहेत : फ्लड, जॉन फ्रायर, एड्रियन शेरवूड आणि कीथ लब्लाँ. अस्सल साधनातली एक ओळ उचलायची आणि बाकीच्या झाकायच्या, याला इतिहास म्हणत नाहीत.

५/१०
ही चार नावे शोभेची नव्हेत. फ्लडने ‘हेड लाइक अ होल’ आणि ‘टेरिबल लाय’ घडवली. पुढच्याच वर्षी आलेल्या डेपेश मोडच्या ‘व्हायोलेटर’मागेही तोच होता. फ्रायर लंडनच्या फोरएडी या कंपनीच्या वर्तुळातला. ‘दिस मॉर्टल कॉइल’च्या मुद्रणांतला धूसर, घुमणारा अवकाश हे त्याचे काम होते.

६/१०
‘डाउन इन इट’ हे पहिले एकल गीत शेरवूड आणि लब्लाँ यांच्या हातचे. शेरवूडने ‘ऑन-यू साउंड’ स्थापली आणि जमैकाच्या डब संगीताची रीत लंडनमध्ये रुजवली. लब्लाँ हा शुगरहिल रेकॉर्ड्सचा ड्रमवादक, म्हणजे हिपहॉपच्या पहिल्या पिढीच्या घरातला माणूस. १९८३ साली माल्कम एक्सच्या भाषणांचे तुकडे तालावर बसवून त्याने ‘नो सेल आउट’ केले होते. म्हणजे या ‘गोऱ्या एकांता’च्या गाण्याखाली वाजणारी ताल-परंपरा जमैकाची आणि कृष्णवर्णीय अमेरिकेची आहे. ‘एकट्याने केले’ म्हणताना नेमकी तीच पुसली जाते.

७/१०
ऋण इथेच संपत नाही. ‘डाउन इन इट’वर व्हँकुव्हरच्या स्किनी पपीच्या ‘डिग इट’ची छाप आहे, हे रेझ्नरने स्वतः मान्य केले आहे. ‘रिंगफिंगर’मध्ये प्रिन्स आणि जेन्स ॲडिक्शन यांच्या मुद्रणांतले तुकडे आहेत. ‘सँक्टिफाइड’च्या अखेरीस घुमणारी गिटार रिचर्ड पॅट्रिकची आहे. कलावंत कर्ज कबूल करतो आणि भक्त ते नाकारतात, असा हा उफराटा व्यवहार आहे.

८/१०
दुसऱ्या टोकाला सोवळे पाळणारे आहेत. त्यांच्या मते यात चाली आहेत, प्रेमभंग आहे, म्हणून हे ‘खरे’ इंडस्ट्रियल नव्हे. हे नाव रूढ झाले ते लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसलने १९७६ साली काढलेल्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्समुळे. त्याच मंडळींनी १९७९ साली ‘ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स’मध्ये सिंथेसायझरवरच्या सरळ, नाचऱ्या चाली वाजवल्या होत्या. मूळ पुरुषांनीच न पाळलेले सोवळे वारसांवर लादणे हास्यास्पद आहे.

९/१०
मग रेझ्नरचे स्वतःचे काय? पुष्कळ. ‘प्युरेस्ट फीलिंग’ आणि अल्बम शेजारी ठेवून ऐकावेत. कच्च्या मुद्रणातले ‘ट्विस्ट’ पुढे ‘रिंगफिंगर’ झाले. ‘मेबी जस्ट वन्स’ गळाले. हलक्याफुलक्या सिंथ-पॉपच्या जागी धार आली. गाणी त्याची, जखम त्याची, कुणाला बोलवायचे आणि काय टाकून द्यायचे हा विवेकही त्याचाच. टीव्हीटीच्या प्रमुखाला तयार अल्बम पसंत पडला नव्हता, तरी रेझ्नर मागे हटला नाही. त्याचे खरे एकटेपण शोधायचे तर ते या हट्टात सापडते.

१०/१०
अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम ७५ व्या क्रमांकापलीकडे चढला नाही. तरीही २००३ साली त्याला तिथे ३० लाख प्रतींचे, म्हणजे तिहेरी प्लॅटिनमचे, प्रमाणपत्र मिळाले. एवढ्या श्रोत्यांचे प्रेम खोटे नाही, त्या प्रेमाने रचलेली बखर खोटी आहे. तिची किंमत आज आपल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसलेला नवखा संगीतकार मोजतो : मदत मागणे म्हणजे प्रतिभेचा कमीपणा, असे त्याला वाटू लागते. ‘प्रीटी हेट मशीन’ याच्या नेमके उलट सांगतो. तो अल्बम पुन्हा ऐकावा, आणि या वेळी वेष्टन शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. (समाप्त)