लॅपटॉपवर रंगीत, झेरॉक्सवर पुसट: प्रोग्रामचे रंग जातात कुठे?

शिरूर, दौंडमधल्या बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्यांसाठी प्रात्यक्षिक परीक्षेची आदली संध्याकाळ बहुधा झेरॉक्सच्या दुकानात जाते. जर्नलची फाइल व्हॉट्सॲपवर दुकानदाराला जाते आणि लॅपटॉपवर झळकणारा प्रोग्राम काळ्या-पांढऱ्या कागदावर अर्धवट पुसल्यासारखा उमटतो. दोष प्रिंटरला दिला जातो. तो बिचारा निर्दोष असतो.

रंग फाइलमध्ये नसतातच

सी, जावा किंवा पायथनची फाइल म्हणजे निव्वळ साधा मजकूर. राखीव शब्द कोणते, अवतरणातला मजकूर कोणता, कॉमेंट कोणती हे एडिटर ओळखतो आणि आपल्या पसंतीचे रंग चढवतो. शिकणाऱ्याला याचा मोठा आधार असतो. अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले, तर पुढचा मजकूर भलत्याच रंगात दिसतो आणि चूक लगेच सापडते.

पण फाइल दुसरीकडे गेली की रंगारी बदलतो. ज्युपिटर नोटबुकमधून पीडीएफ काढताना रंगवण्याचे काम वेगळाच प्रोग्राम करतो. व्हीएस कोडमधून वर्डमध्ये पेस्ट केले, तर रंगांसोबत मागची काळी पार्श्वभूमीही येते. वेबपान छापताना ब्राउझर ती पार्श्वभूमी सहसा गाळतो, अक्षरे मात्र फिकट राहू शकतात. गडद थीममधले फंक्शनचे फिकट पिवळे नाव पांढऱ्या कागदावर दिसणार कसे? स्क्रीनशॉट चिकटवणे तर सर्वांत वाईट: पानभर काळा ठोकळा आणि त्यात बारीक अक्षरे.

रंग गेले तरी प्रोग्राम शाबूत असतो. खरे नुकसान पुढे होते. वर्डमध्येच दुरुस्ती करायला बसलात, की वर्ड सरळ अवतरणचिन्हे वळणदार करून टाकतो. पीडीएफमधून कॉपी करताना ओळीआधीची मोकळी जागा अनेकदा जाते. पायथनमध्ये त्या जागेलाच अर्थ असतो. पुढच्या वर्षीची मुले तीच पीडीएफ वापरतात आणि प्रोग्राम चालत नाही म्हणून डोके धरून बसतात.

मग करायचे काय?

माझ्या मते जर्नलसाठी रंगांचा हट्टच सोडावा. १९६०च्या सुमारास अल्गोल भाषेतले प्रोग्राम छापले जात, तेव्हा राखीव शब्द ठळक टाइपात असत. ठळक आणि तिरपी अक्षरे झेरॉक्समध्येही टिकतात. बर्कलेतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी तयार केलेले पॅन्डॉक हे मोफत साधन एकाच मूळ फाइलमधून वर्ड, पीडीएफ आणि ई-बुक काढते आणि सगळीकडे एकच रंगसंगती ठेवते. त्यात ‘मोनोक्रोम’ नावाची, रंगांशिवायची शैलीही आहे. मात्र ते कमांड देऊन चालवावे लागते आणि पीडीएफसाठी सहसा लॅटेकही बसवावे लागते. पहिल्या वर्षाच्या मुलाने हे एकट्याने करावे, ही अपेक्षा अवाजवी आहे.

हे काम विभागाचे आहे. वर्षाच्या सुरुवातीला लॅबमधल्या संगणकांवर ही व्यवस्था एकदा बसवून द्यावी, नमुना फाइल वाटावी आणि स्क्रीनशॉट चालणार नाहीत हे तेव्हाच सांगावे. जर्नलची पाने मोजणाऱ्या विभागांना एवढे अवघड नाही. तोवर विद्यार्थ्यांनी कॉपी करण्याआधी एडिटरची थीम पांढरी करावी, आणि शंभर पानांची ऑर्डर देण्याआधी एकच पान छापून पाहावे.